ही पुस्तके वाचायची कोणी?

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे ग्रंथखरेदीची एक यादी आली. यादी लहान होती. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या मालेतील दुसरा, सहावा, दहावा व तेरावा खंड, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात राज्यशास्त्राचे प्राध्यापक असलेले बेसिल चब यांचा सरकारी खर्चावरील संसदीय नियंत्रणाविषयीचा १९५२ सालचा ग्रंथ, रोनन फॅनिंग यांनी लिहिलेला आयरिश अर्थखात्याचा इतिहास, आणि भारत व आयर्लंड या दोन्ही देशांच्या महालेखापरीक्षकांचे काही अहवाल. यादी वाचून होताच, आम्हांला ज्यांच्याविषयी नितांत आदर आहे असे एक ज्येष्ठ सदस्य हसत म्हणाले, “ही पुस्तके वाचायची कोणी?” खोलीत हशा पिकला. विषय पुढे ढकलला गेला आणि त्याच बैठकीत बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यासाठी वर्गणी गोळा करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

पुतळ्यास आमचा विरोध नाही. ज्या समाजाला शतकानुशतके स्वतःचा म्हणून एक चेहराही चौकात उभा करता आला नाही, त्या समाजास पुतळ्याचे मोल काय वाटते हे आम्ही जाणतो. परंतु तो हशा आम्हांला बोचला. त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. आज स्मरणिकेच्या पानांवरून उत्तर देत आहोत. कोणा एका व्यक्तीचा अधिक्षेप करण्याचा हेतू नाही. तो प्रश्न एका व्यक्तीचा नाहीच. परदेशी स्थिरावलेल्या आपल्या साऱ्या सुशिक्षित वर्गाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की ‘कोणी न वाचण्याजोगी’ म्हणून जी पुस्तके हसण्यावारी नेली गेली, त्याच जातीची पुस्तके बाबासाहेबांनी सर्वांत आधी लिहिली. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम. ए. साठी त्यांनी जो प्रबंध सादर केला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभाराचा व वित्तव्यवस्थेचा होता. त्यानंतरचा मोठा ग्रंथ म्हणजे ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती. तो १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग यांनी प्रसिद्ध केला, त्यास प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. ज्या तरुणाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नव्हता, त्याने जगातील एका थोर विद्यापीठात बसून अभ्यासाला विषय कोणता निवडावा? अस्पृश्यतेच्या दुःखाचे वर्णन? नव्हे. कलकत्त्याचे मध्यवर्ती सरकार आणि मुंबई-मद्रासची प्रांतिक सरकारे यांच्यात पैसा कसा वाटला जात होता, तो खर्च करणारा कोण होता आणि त्याला जाब विचारणारा कोण होता, हा!

आमच्यातील कित्येक जण या ग्रंथाला ‘डिग्रीसाठी लिहिलेले पुस्तक’ म्हणून बाजूला ठेवतात. त्यांनी तो उघडून पाहावा. १८३३ च्या सनदी कायद्याने सर्व आर्थिक सत्ता मध्यवर्ती सरकारच्या हाती एकवटली. प्रांतांनी खर्च करायचा आणि पैशाची तरतूद केंद्राने करायची, असा तो उफराटा संसार होता. काटकसर केली तर वाचलेला पैसा केंद्राकडे जाणार; मग काटकसर करावी कोणी? जो मोठ्याने ओरडेल त्याच्या पदरात अधिक पडायचे. १८७१ पासून लॉर्ड मेयोच्या योजनेने तुरुंग, पोलीस, शिक्षण, वैद्यक, रस्ते ही खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे आली. पुढे १८७७ पासून काही महसुलाच्या बाबी नेमून देण्यात आल्या, आणि १८८२ पासून महसुलाची वाटणी सुरू झाली. बाबासाहेबांनी या तीन पायऱ्या एखाद्या जाणत्या कारकुनाच्या चिकाटीने आकड्यांनिशी उलगडून दाखवल्या आहेत. परंतु त्या आकड्यांमागचा त्यांचा मुद्दा कारकुनाचा नाही. ही सारी वाटणी एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे झाली. रयतेकडे काहीच आले नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा मिळाली, मत देण्याची नव्हे. १९०९ नंतर ठराव मांडता येऊ लागले, पण ते पाळण्याचे बंधन सरकारवर नव्हते. जे सरकार आपल्या खर्चासाठी लोकप्रतिनिधींना उत्तरदायी नाही, ते सरकार कितीही कार्यक्षम असो, समाजाच्या तळाशी असलेल्या माणसासाठी ते हात हलवणार नाही, हा निष्कर्ष त्या ग्रंथाच्या पानापानांत मुरलेला आहे.

हेच सूत्र घेऊन ते १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात उभे राहिले. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पावरचे त्यांचे भाषण दुसऱ्या खंडात आहे. शेतकऱ्याला पीक येवो अथवा न येवो, शेतसारा भरावाच लागतो. उलट प्राप्तिकर मात्र उत्पन्न असेल तरच आणि ठरावीक मर्यादेच्या वर असेल तरच द्यावा लागतो, ही विषमता त्यांनी उघडी केली. महाडचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमध्ये झाला. चवदार तळ्याचे पाणी आणि मुंबई इलाख्याचा अर्थसंकल्प हे दोन्ही लढे एका माणसाने एका महिन्याच्या अंतराने लढवले. आपण त्यांतील एकाचा वर्धापनदिन पाळतो, दुसऱ्याची आठवणही ठेवत नाही.

दरवर्षी २६ नोव्हेंबरला आपण संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचतो. इथे आयर्लंडमध्ये तर वक्ते हमखास सांगतात की भारतीय संविधानातील मार्गदर्शक तत्त्वे आयरिश राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ वरून घेतली. खरेच आहे ते. संविधानाचे सल्लागार बी. एन. राव १९४७ साली डब्लिनला आले होते व डी व्हॅलेरा यांना भेटले होते, हेही खरे. परंतु त्याच आयरिश घटनेतील अनुच्छेद ३३ विषयी एकाही वक्त्याच्या तोंडून आम्ही आजवर अक्षर ऐकले नाही. महालेखापरीक्षकाचे पद निर्माण करणारा हा अनुच्छेद आहे. भारतीय संविधानात त्याच पदासाठी अनुच्छेद १४८ ते १५१ आहेत. त्यांवर ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की हा अधिकारी बहुधा संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, त्याचे कर्तव्य न्यायसंस्थेच्या कर्तव्याहूनही मोठे आहे, आणि म्हणून त्याला न्यायाधीशाइतके तरी स्वातंत्र्य हवे. संविधानाच्या शिल्पकाराने ज्या पदाला हा मान दिला, त्या पदाचा एक तरी अहवाल आपल्या घरात कोणी वाचला आहे काय?

त्याआधी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत व संसदीय पद्धत यांची तुलना केली होती. अमेरिकेत कार्यकारी सत्तेला स्थैर्य अधिक, परंतु तिची झडती ठरावीक मुदतीने होते. संसदीय पद्धतीत प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव, अविश्वासाचा प्रस्ताव यांमुळे सरकारची झडती रोजच्या रोज होते. स्थैर्य आणि उत्तरदायित्व यांपैकी मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकते माप दिले, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. म्हणजे रोजची झडती हा संविधानाचा प्राण आहे. झडती घेणारा निरक्षर असेल, किंवा साक्षर असूनही आळशी असेल, तर ती पद्धत काय कामाची?

आता या आळसाची किंमत पाहू. १९७९-८० च्या सुमारास विशेष घटक योजना आली. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेतील निधी त्यांच्यासाठी राखून ठेवावा, हे तिचे तत्त्व. गावोगावी आपल्या लोकांना ही योजना ‘म्हैस, शिलाई मशीन आणि पंप’ एवढीच माहीत झाली. तिजोरीतून किती निघाले, किती पोहोचले, किती मार्चअखेर परत गेले, याची विचारणा करणारे मूठभर. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या. त्या कामांसाठी दिल्ली सरकारने याच योजनेतील शेकडो कोटी रुपये वळवले होते. हे उघडकीस कसे आले? माहितीच्या अधिकारात अर्ज करून, अर्थसंकल्पाची पाने चाळून, दलित हक्कांसाठी काम करणाऱ्या काही कार्यकर्त्यांनी ते शोधून काढले आणि ऑगस्ट २०१० मध्ये राज्यसभेत गृहमंत्री पी. चिदंबरम यांना ही गोष्ट मान्य करावी लागली. धावपट्ट्या आणि मैदाने आमच्या पोरांच्या शिष्यवृत्त्यांवर उभी राहिली, आणि आम्ही दूरदर्शनसमोर बसून पदके मोजली!

आंध्र प्रदेश व कर्नाटक या राज्यांनी २०१३ साली या निधीसाठी कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात मात्र एक बारीकसे उपकलम होते : सर्वांसाठीच्या कामांवर झालेल्या खर्चाचा काही भाग अनुसूचित जातींवर झाला असे मानावे. मानावे! रस्ता सर्वांचा, पूल सर्वांचा, पण बिल आमच्या नावावर. ते उपकलम रद्द व्हायला २०२३ साल उजाडले. केंद्रात २०१७-१८ पासून योजना व योजनेतर हा भेदच गेला; आता अनुसूचित जातींसाठीची तरतूद अर्थसंकल्पासोबतच्या ‘१० अ’ या विवरणपत्रात दाखवली जाते. ते विवरणपत्र कोणालाही पाहता येते. सर्वसाधारण योजनांचे तुकडे त्यात कसे गोळा केलेले असतात हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने एक रविवार खर्च करावा. आपल्यात सनदी लेखापाल आहेत, संगणक अभियंते आहेत, मोठमोठ्या कंपन्यांचे ताळेबंद रोज हाताळणारे आहेत. परक्याच्या ताळेबंदातील एका पैची चूक ज्यांच्या डोळ्यांतून सुटत नाही, त्यांचे डोळे आपल्याच समाजाच्या हिशेबासमोर का मिटतात?

राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाचेही तेच. अनुच्छेद ३३८ सांगतो की आयोगाचा अहवाल राष्ट्रपतींनी संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेववावा, सोबत कोणती शिफारस मानली, कोणती मानली नाही व का मानली नाही, याचे निवेदन असावे. तरतूद उत्तम आहे. पण ‘किती दिवसांत’ हे त्यात नाही. अहवाल पटलावर येईपर्यंत त्यातील अत्याचाराच्या प्रकरणातला साक्षीदार म्हातारा झालेला असतो. तरीही तो अहवाल यावा म्हणून हाकाटी करणारा समाज असता, तर घोंगडे इतके भिजत पडले असते काय? २०२२ साली परदेशी शिक्षणासाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास व समाज यांवरील विषय वगळण्यात आले. त्यासाठी कायदा करावा लागला नाही. खात्याच्या मार्गदर्शक सूचनांतील एक ओळ पुरली. भारतातील जातिव्यवस्थेवर ज्याने कोलंबियात निबंध वाचला, त्या आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला आज ती शिष्यवृत्ती मिळाली नसती.

एवढेच कशाला, स्वतः बाबासाहेबांच्या ग्रंथांचे काय झाले? महाराष्ट्र शासनाची ही ग्रंथमाला १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली निघू लागली. पुढे पुढे खंड दुर्मिळ झाले. कागद विकत घेऊन ठेवला तरी छपाई रखडली आहे, अशी बातमी वर्तमानपत्रात आली आणि २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला तिची स्वतःहून दखल घ्यावी लागली. खर्चावरील नियंत्रण शिकवणारे ग्रंथच सरकारी गोदामातील कागदाच्या गठ्ठ्यांत अडकावेत, याहून कडवट विनोद कोणता? आणि ती दखल न्यायालयाने घेतली. पुतळ्याच्या उंचीवरून मोर्चे काढणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांपैकी किती जणांनी विधिमंडळात त्या कागदाचा हिशेब मागितला?

आमचे टीकाकार म्हणतील, हे सारे भारताचे झाले. आपण इथे आयर्लंडमध्ये आहोत, मुले इथे वाढत आहेत. ठीक. मग इथलेच पाहू.

या देशात १९८६ पासून बँकेतील ठेवींच्या व्याजावर उगमस्थानी कर कापला जाऊ लागला. परदेशस्थ ठेवीदारांना त्यातून सूट होती. झाले! इथेच राहणारे, इथेच जेवणारे हजारो लोक कागदोपत्री परदेशस्थ झाले आणि बँकांनी त्याकडे काणाडोळा केला. महालेखापरीक्षकांनी १९९९ साली चौकशी करून अहवाल दिला. मग डॉइलच्या लोकलेखा समितीच्या उपसमितीने जिम मिचेल यांच्या अध्यक्षतेखाली बँकांच्या अध्यक्षांना, महसूल अधिकाऱ्यांना, अर्थखात्याच्या सचिवांना समोर बसवून जाहीर सुनावणी घेतली. साऱ्या देशाने ती दूरचित्रवाणीवर पाहिली. बँकांकडून कोट्यवधी पौंड वसूल झाले. गंमत अशी की त्याच लोकलेखा समितीतील एक सदस्य गुप्त परदेशी खात्याचा धनी निघाला व त्याला २००० साली समिती सोडावी लागली. कुंपण शेत खाते ते इथेही. पण इथे ते खाताना दिसले, हा फरक आहे.

२०१८ सालची गोष्ट तर आपल्या घरातील स्त्रियांनी विसरू नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीत चुकीचे निदान झाले होते. फेरतपासणीत ते आरोग्ययंत्रणेला कळले, परंतु दोनशेहून अधिक स्त्रियांपैकी बहुतेकींना ते सांगितले गेले नाही. विकी फेलन या बाईंनी न्यायालयात तडजोड करताना मौनाची अट नाकारली आणि मे २०१८ मध्ये त्या लोकलेखा समितीपुढे येऊन बोलल्या. २०२२ साली त्यांचे निधन झाले. आपल्या कित्येक भगिनी याच तपासणीसाठी जातात. लोकलेखा समिती म्हणजे रुक्ष आकडेमोड असे ज्यांना वाटते, त्यांनी ही साक्ष वाचावी.

आणि आयर्लंडचे भटके लोक, ज्यांना इथे ट्रॅव्हलर म्हणतात? १९९८ च्या कायद्याने त्यांच्या निवासाची योजना करणे स्थानिक परिषदांवर बंधनकारक झाले. केंद्रातून पैसा मंजूर होत असे. परिषदा कित्येक वर्षे तो उचलतच नव्हत्या. शेजारी नको, मते जातील! मार्चअखेर परत जाणाऱ्या निधीची ही गोष्ट ऐकून आम्हांला आपला तालुका आठवला. १ मार्च २०१७ रोजी डॉइलमध्ये त्यांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता जाहीर झाली तेव्हा टाळ्या वाजल्या, पण न उचललेल्या पैशाचा प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. जे आपण भोगले तेच दुसऱ्याच्या वाट्याला येताना पाहून बौद्ध म्हणवणाऱ्याने तोंड फिरवावे काय? स्थानिक निवडणुकीत मत देण्यास इथे नागरिकत्वाची अट नाही. दारात उमेदवार येतो तेव्हा आपण त्याला उद्यानातील झोपाळ्याविषयी विचारतो.

बेसिल चब यांनी १९६३ साली एक निबंध लिहिला होता. त्याचा आशय असा की आयरिश लोकप्रतिनिधी कायदे कमी करतो आणि मतदारांची कामे घेऊन सरकारी अधिकाऱ्यांच्या मागे अधिक लागतो. कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाचे घर, कोणाची नोकरी. आमच्या वसतिगृहांत वाढलेल्या पिढीला हे चित्र नवे नाही. शिफारशीच्या चिठ्ठीसाठी आमदाराच्या ओसरीवर बसलेले आमचे वडीलधारे आम्ही पाहिले आहेत. चिठ्ठीने एकाचे काम होते आणि त्या एकाला वाटते की उपकार झाले. जे हक्काचे होते ते कृपेचे होऊन जाते. समितीपुढच्या एका नेमक्या प्रश्नाने हजारांचे काम होते, पण तेथे कोणी कोणाचे उपकार मानत नाही, म्हणून पुढाऱ्यालाही त्यात रस नसतो.

समित्यांना दात नाहीत, हा आक्षेपही आम्ही ऐकला. तो अगदीच खोटा नाही. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली संसदीय समित्यांच्या चौकशीच्या अधिकारांना मोठी कात्री लावली. ते अधिकार वाढवण्यासाठी २०११ साली घेतलेले सार्वमत लोकांनी फेटाळले. २०१९ साली त्याच न्यायालयाने लोकलेखा समितीने एका साक्षीदाराच्या बाबतीत आपल्या कक्षेबाहेर पाऊल टाकल्याचा निर्णय दिला. सत्तेची झडती घेणाऱ्यानेही मर्यादा पाळावी, हे आम्हांला मान्य आहे. समितीच्या खुर्चीत बसून कोणाची जाहीर अब्रू काढणे म्हणजे उत्तरदायित्व नव्हे. परंतु दात कमी आहेत म्हणून तोंडच मिटून घ्यावे, हा युक्तिवाद आम्हांला समजत नाही. भारताच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. बावीस सभासदांच्या त्या समितीत आपले किती, आणि ते तिथे काय विचारतात, एवढे तरी आपण पाहू शकतो.

डब्लिनच्या मुख्य रस्त्यावर डॅनियल ओकॉनेल यांचा पुतळा आहे. १९१६ च्या उठावातील गोळ्यांच्या खुणा त्याच्यावर अजून आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी याच आयरिश देशभक्ताचा दाखला देऊन सांगितले होते की कृतज्ञतेलाही मर्यादा असते, आणि राजकारणातील भक्ती हा अधोगतीचा मार्ग आहे. आपण त्या पुतळ्यापाशी छायाचित्रे काढतो, ती भारतात पाठवतो, आणि घरी येऊन भक्ती सुरू करतो.

आता आमच्या स्वतःच्या अंगणाकडे वळू, नाहीतर हे सारे परोपदेशे पांडित्य ठरेल. मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत स्वागत, हारतुरे, मुलांची नृत्ये आणि सत्कार यांना तीन तास लागले. हिशेब शेवटी आला तेव्हा जेवणाचा वास सुटला होता. कोषाध्यक्षांनी एक कागद वाचला, कोणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणाले, आणि सर्व उठले. त्या ‘मंजूर’मध्ये आमचाही आवाज होता. कोषाध्यक्ष सचोटीचे आहेत याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. तपासणीची गरज मात्र सचोटीच्या माणसालाच अधिक असते, कारण उद्या त्याच्यावर बोट उचलले गेले तर त्याच्या बाजूने बोलणारा तपासलेला कागदच असतो.

अर्धपुतळ्याची वर्गणी आम्ही भरली आहे. यादीतील सहावा आणि तेरावा हे दोन खंड आम्ही पदरमोड करून आणले असून ते मंडळाच्या कपाटात ठेवले आहेत; ‘१० अ’ विवरणपत्राची छापील प्रतही सोबत आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, बुद्धवंदनेनंतर, प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथाचे पहिले प्रकरण वाचायला घेऊ. दहावीच्या पुढची मुले आली तर अधिक बरे. आणि येत्या वार्षिक सभेत हिशेबाचा विषय शेवटी न ठेवता स्वागतानंतर लगेच घ्यावा, त्यावर किमान अर्धा तास चर्चा व्हावी, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे.